लाल दोऱ्याने बांधलेला गठ्ठा

सुतक फिटलं त्या दिवशी आत्याने ओटीवरच्या दोरीवरून माझ्या धाकट्या बहिणीच्या कागदी पट्ट्या उतरवल्या आणि त्यांचा गठ्ठा बांधला. मी तेव्हा भाट्याच्या किनाऱ्यावर बहिणीचे विधी करत होतो.

बहीण रत्नागिरीतच कॉलेजात गणित शिकवायची. अक्षरांच्या लांबलचक ओळीत कुठला तुकडा पुन्हा आलाय, ते झटकन शोधण्याची रीत ती बसवत होती. मला तिने ती ‘पकडापकडी’ या शब्दावर समजावली. सुरुवातीचं एकेक अक्षर गाळत जायचं: पकडापकडी, कडापकडी, डापकडी, पकडी, कडी, डी. प्रत्येकाची वेगळी पट्टी करायची आणि पट्ट्या शब्दकोशाच्या क्रमाने लावायच्या. मग पकडापकडी आणि पकडी आपसूक शेजारी येतात. पुन्हा आलेला तुकडा फक्त शेजाऱ्यांत शोधायचा.

खरी ओळ पुष्कळ लांब होती. तिच्या पट्ट्या ती कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावायची. आत्या म्हणायची, “कागदाचं सुकट घातलंस काय गो? मांजर येईल हां.”

“येऊ दे. वाचता येत असेल तर मदतीलाच ठेवते.”

काही पट्ट्यांवरून दुसऱ्या पट्ट्यांवर तिने लाल दोरा नेला होता. पकडापकडी आणि पकडी यांची सुरुवात जुळली, की पहिलं अक्षर गाळून उरणाऱ्या कडापकडी आणि कडी यांचीही जुळणारच. दोरा असला की ते पुन्हा तपासायला नको. पण ही रीत शेवटी संगणकावर चालवायची होती; ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत तो होता मुंबईला, आणि त्यात जागा थोडी. सगळ्या दोऱ्यांची नोंद मावणार नव्हती.

“कुठले ठेवायचे, तेवढंच राहिलंय, दादा. जमलं की लिहून काढते.”

मग कावीळ झाली, आणि त्यातच ती गेली.

किनाऱ्यावरून परतलो तर ओटी सारवलेली, दोरी रिकामी. गठ्ठा लाल दोऱ्याने बांधलेला.

“एक कागद टाकला नाही रे,” आत्या म्हणाली.

“दोरा कशाला सोडलास?”

“मग गठ्ठा कशाने बांधू? आणि सुतकाचं घर तसंच ठेवू? तू शिकलेला ना, लाव परत.”

समाचाराला आलेल्या बायका म्हणाल्या, घर कसं लख्ख केलंत. मला त्या लख्खपणाची चीड आली. तिचे कपडे दिले, अंथरूण दिलं, ते मी समजू शकतो. पण त्या दोरीवर तिची बुद्धी टांगलेली होती, आणि ती उतरवताना घरातल्या कुणाला माझी वाट बघावीशी वाटली नाही. जिवंतपणी कुणी तिला विचारलं नाही, हे काय चाललंय म्हणून. मेल्यावर मात्र सगळ्यांना घाई. आत्याही आता नाही. तिच्यावरचा राग तरीही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

पट्ट्या मी पुन्हा लावल्या. ते कुणीही करील, क्रम अक्षरांतच असतो. तिने कुठले दोरे ठेवले होते आणि कुठले सोडले होते, ते अक्षरांत नव्हतं.

पट्ट्या माझ्या कपाटात आहेत. दोरा त्यांच्या शेजारी ठेवला आहे.