गिरणी बंद, डोळे उघडे

मामाची गिरणी मी बंद केली आणि मामाची झोप उडाली. हेतू चांगला होता. माझे सगळे घोटाळे चांगल्या हेतूनेच होतात.

पिठाच्या त्या गिरणीचा मालक, हमाल आणि झाडूवाला मामा एकटाच. पोती उचलून उचलून त्याला हर्निया झाला, ऑपरेशन झालं, पण जखम भरेना. डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं की शरीर आपली डागडुजी गाढ झोपेतच करतं. हा माणूस झोपला नाही तर पुन्हा टेबलावर घ्यावा लागेल. मामी कुणाच्या बापाला घाबरत नाही, पण त्या टेबलाला घाबरली.

मामाची खोली गिरणीच्या वरच. मी खाली कुलूप ठोकलं, खिडकीला गोधडी टांगली, मामीला चपला काढायला लावल्या. मामा आपला छत बघत पडून. डोळे तांबारलेले, तोंड पिठाहून पांढरं. शेवटी म्हणाला, "भाचेराव, एवढी शांतता मेल्यावर मिळणारच आहे. आगाऊ कशाला देताय?"

मग मामीने फोड करून सांगितलं. जन्मभर हा चालू गिरणीशेजारी स्टुलावर डुलक्या काढत आला. धान्य संपलं की आवाज बदलतो, आणि दगडावर दगड घासायच्या आत याला जाग येते. गिरणी गप्प म्हणजे उठायचं, हे हाडात मुरलेलं.

त्याच दुपारी मी गिरणी सुरू केली. शेजारच्या शिवणवाल्या काकूंचा गव्हाचा डबा दळणाला पडून होता, तो ओतला. थोड्या वेळाने वरून घोरणं ऐकू आलं. इकडे गहू संपत आला. थांबलो तर मामा उठणार. मग तेच पीठ पुन्हा ओतलं. मग पुन्हा. करपल्याचा वास सुटला तरी ओततच राहिलो. दिवेलागणीला मामा उठला तो आळस देत, जेवायला मागत.

पुढे मी गल्लीतली दळणं पुरवून पुरवून दळली. जखम सुकली, टेबल टळलं.

काकूंचं पीठ मात्र पाण्यात कालवलं तरी गोळा होईना. त्या म्हणाल्या, "मामा बरा झाला, आनंद आहे. माझा गहू कोण देणार?"

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. काकूंकडे माझी उसवलेली पँट शिवायला आहे. गव्हाचा डबा दिल्याशिवाय ती मिळणार नाही. सध्या लुंगीवर हिंडतोय.