उत्पन्नाचे दोन दाखले

"हा माणूस हप्ता भरणार कशातून?" मॅनेजरसाहेबांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली. "दाखल्यावरचं उत्पन्न बघा. उद्या वसुलीला तुम्ही जाणार का?"

नाशिकच्या आमच्या शाखेत मी तेव्हा लोन ऑफिसर होतो. मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, ती वर्षं. फाइल शुभांगीची होती. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली मुलगी, बारावीला उत्तम मार्क, एका खाजगी कॉलेजात बी. फार्मसीला नंबर लागलेला. सुट्टीत तिनं मेडिकल स्टोअरमध्ये काम केलं होतं. आमचा कॅशिअर मधुमेहाचा पेशंट. ती शाखेत आली की स्वतःच्या गोळ्यांची पाकिटं तिला दाखवून घ्यायचा. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

फीची व्यवस्था अशी होती. निम्मी फी सरकारी सवलतीतून सुटणार, कारण वडिलांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत होतं. उरलेली निम्मी आमच्या शैक्षणिक कर्जातून. या कर्जाला एका रकमेपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. म्हणजे ते जायचे मुलीच्या पगारातून, बापाच्या फुलांतून नव्हे. परिपत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं होतं. पण परिपत्रक काढणारे मुंबईत बसतात आणि शिव्या आपण खातो, असं साहेबांचं मत होतं. त्यामुळे ते बापाचा दाखलाच बघायचे.

थोडक्यात, सवलतीसाठी बाप गरीब हवा होता आणि कर्जासाठी बऱ्यापैकी. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तसली गत.

मी तिच्या वडिलांना, रामनाथभाऊंना, बोलावलं. "खरं उत्पन्न किती हो तुमचं?"

"काय सांगू साहेब. दसऱ्याला झेंडूवाला राजा असतो. पौषात कुत्रं इचारत नाय. तलाठी म्हनला, किती लिहू? म्या म्हनलं, सवलतीला लागतं तेवढं लिव्हा."

माणूस खोटा नव्हता. त्याचं उत्पन्न वर्षागणिक बदलायचं आणि दाखल्यात जागा एकाच आकड्याची.

मग मी शहाणपणा केला. म्हणालो, "चांगल्या वर्षाचं उत्पन्न धरून बँकेसाठी दुसरा दाखला आणा."

शुभांगी शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "सर, दोन दाखले चालतात का?"

"कॉलेजचा कागद कॉलेजात, बँकेचा बँकेत. कोण बघतंय?"

चार दिवसांत दुसरा दाखला आला. साहेबांनी तो चष्मा वर करून बघितला आणि कर्ज मंजूर केलं. रामनाथभाऊंनी शेवंतीची अख्खी पाटी शाखेत आणली. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना फुलं मिळाली.

शैक्षणिक कर्जाचे पैसे विद्यार्थ्याच्या हातात जात नाहीत. बँक कॉलेजच्या नावाने पे-ऑर्डर काढते, म्हणजे बँकेनं स्वतःच दिलेला चेक. त्यासोबत चार ओळींचं पत्र असतं. तेवढं पुरतं. पण मला फाइल परिपूर्ण ठेवायची खोड. माझ्या कागदपत्रांवर कधी शंका निघत नाही, याचा मला गर्व होता. मी पत्राला मंजुरीची प्रत जोडली, अर्जाची जोडली आणि उत्पन्नाच्या दाखल्याचीही जोडली. कुणी मागितली नव्हती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आठवड्यात पे-ऑर्डर परत आली. कॉलेजचं पत्र होतं: एकाच वर्षाचे, एकाच व्यक्तीचे दोन दाखले, दोन वेगळी उत्पन्नं. सवलत रद्द. आठ दिवसांत पूर्ण फी भरा, नाहीतर प्रवेश रद्द.

मी पत्र खिशात घातलं. तशीच स्कूटर काढली आणि कॉलेज गाठलं. तिथले हेडक्लार्क माझ्याच वयाचे होते. मी म्हणालो, "तो कागद माझ्या चुकीनं आला. मला परत द्या, मी नवं पत्र देतो."

त्यांनी दाखल्याची प्रत माझ्यापुढे फिरवली. कोपऱ्यात गोल शिक्का आणि नंबर. "इनवर्ड झालाय साहेब. रजिस्टरला चढलेला कागद मी गायब केला तर माझी नोकरी जाईल. आम्ही तर मागितलाही नव्हता."

"मग 'कमवा आणि शिका' वगैरे काही?"

"आमच्याकडे ती योजना नाही. आणि असती तरी बागेला पाणी घालून एवढी फी निघते का?"

ते बरोबर बोलत होते, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला.

शाखेत येऊन मी साहेबांना म्हणालो, "पूर्ण फीचं कर्ज देऊ. मर्यादेत बसतंय."

साहेबांनी दार लावून घेतलं. "दोन दाखले आता लेखी झालेत. दुसरा आणायला कुणी सांगितलं, हे ऑडिटनं विचारलं तर काय सांगू? तुमचं नाव?"

सांगा माझं नाव, असं म्हणता आलं असतं. माझी दोन मुलं शाळेत होती. मी फाइल उचलून बाहेर आलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आठ दिवस गेले. इतर कॉलेजांच्या प्रवेशफेऱ्या तोवर संपल्या होत्या. शुभांगीला शाखेत बोलवावं लागलं, कारण मंजूर कर्ज रद्द करायला अर्जदाराच्या हस्ताक्षरातला अर्ज लागतो. मी तिला कोरा कागद दिला आणि म्हणालो, "चूक माझी झाली गं."

"तुम्ही मदतच करत होता सर," ती म्हणाली. तिनं शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. वळणदार अक्षरात तिनं अर्ज लिहायला घेतला आणि मध्येच थांबली.

"कारण काय लिहू?"

"वैयक्तिक कारणास्तव," मी म्हणालो. तिनं तसंच लिहिलं.

तिमाही अहवालात साहेबांनी ते कर्ज मंजूर म्हणून धरायला लावलं; आमचं टार्गेट पूर्ण झालं. पुढच्या वैशाखात रामनाथभाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. तिनं पुढे शिकायचं नाव काढलं नाही, म्हणाले. मी लग्नाला गेलो नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी मागितल्याशिवाय एकही कागद पत्राला जोडला नाही. नव्या ऑफिसरांनाही तेच सांगत आलो. धडा मी शिकलो, फी शुभांगीनं भरली.