बिबवेवाडीतला सर्बियन सभासद

माझ्या वडिलांना सर्बियातल्या एका राजकीय पक्षाचं सभासद मी केलं, तेही त्यांना न विचारता.

वारज्याला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे आम्ही नऊ जण आणि एक सारखा बिघडणारा प्रिंटर. तिथे मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम होतं बेलग्रेडमधल्या एका नव्या पक्षाची सभासद नोंदणी. तिकडची कम्युनिस्ट राजवट संपली होती आणि हा पक्ष म्हणत होता, बाजार खुला करा, युरोपात चला. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. नाव, पत्ता, तारीख, झालं काम.

बाबांना मात्र होतं. ते लाल बावट्याच्या कामगार संघटनेतले जुने कार्यकर्ते. उदारीकरण आलं, कारखान्याने माणसं कमी केली आणि बाबांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. "त्यातली स्वेच्छा कुणाची, हे मला अजून कळायचंय," असं ते म्हणत. मी नवीन काम सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे आम्हाला हरवणाऱ्यांची यादी आता तू सांभाळणार. छान."

परदेशस्थ सभासदांचा अर्ज नीट भरला जातो का, हे तपासायला मला एक परदेशी पत्ता हवा होता. त्या 'छान'चा राग डोक्यात होता. मी बाबांचं नाव आणि आमचा बिबवेवाडीचा पत्ता टाकला. अर्ज व्यवस्थित भरला गेला. नोंद पुसायची मात्र राहून गेली.

दोनेक महिन्यांनी पोस्टमन एक जाड पाकीट देऊन गेला. आत सभासदाचं कार्ड. बाबा तरुणपणी हौसेने रशियन शिकायला जात, त्यामुळे लिपी ओळखीची निघाली. त्यांनी एकेक अक्षर जुळवत स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं.

"हे काय आहे?"

"टेस्टिंग," मी म्हणाले.

"तीस वर्षं लाल बावटा खांद्यावर घेतला, आणि तू मला या लोकांत नेऊन बसवलंस? टेस्टिंग म्हणून?"

"उद्याच काढते नाव, बाबा."

"थांब," ते म्हणाले आणि कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. "आत काय चाललंय ते तरी कळेल."

पुढच्या निवडणुकीत पक्षाने जोरात मुसंडी मारली आणि तो सरकारात गेला. बाबांनी सोसायटीत पेढे वाटले. समोरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "कशाबद्दल?" बाबा म्हणाले, "आमचा पक्ष सत्तेत आला." मास्तरांनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या ग्रहावर?"

पक्षाच्या कचेरीतून माझ्याशी एकच बाई फोनवर बोलायच्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, म्हणून आमचं छान जमायचं. विजयानंतर त्यांचा वैतागून फोन आला. काल आलेल्या सभासदांना स्थापनेपासूनचे सभासद व्हायचं होतं. "सभासद झाल्याची तारीख मागची टाकता येते का?" बाईंनी विचारलं. मी घरी येऊन हे सांगितलं तर बाबा खूष झाले. "संप यशस्वी झाल्यावर आमच्याकडेही पहिल्या दिवसापासून उपाशी बसलेले शंभर जण निघाले होते. आता बघ, भांडणं सुरू होतील."

झाली. पक्षाचे दोन गट पडले, अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार उभे राहिले आणि घरी टपालाने मतपत्रिका आली. दोघांचे फोटो होते. बाबा तीन दिवस ते फोटो बघत होते.

"बाबा, पाठवू नका हं. माझी नोकरी जाईल."

"कुणाला मत दिलं ते विचारू नकोस. मतदान गुप्त असतं," असं म्हणून ते पोस्टात गेलेसुद्धा.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. "पुण्याहून एक मत आलंय." मी सगळं कबूल केलं. मग त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "परदेशातल्या सगळ्या सभासदांत मतपत्रिका वेळेत पाठवणारे तुझे वडीलच एकटे," त्या म्हणाल्या. ते मत अर्थात बाद झालं. हरलेला गट बाहेर पडला, त्याने वेगळा पक्ष काढला आणि सरकार पडलं.

मग लोक पक्ष सोडायला लागले, आणि माझी चूक उघडी पडली. आत येण्याचा अर्ज मी झोकात केला होता. बाहेर पडण्याची सोयच केली नव्हती. कुणी तसं मागितलंही नव्हतं. माणसं चिडून पत्रं पाठवत होती की आम्हाला यातून सोडा. घाईघाईने मी राजीनाम्याचं बटण केलं. सुरू झालं त्या दिवशी दुपारपर्यंत ते इतकं दाबलं गेलं की आमचा सर्व्हर बंद पडला. बाईंनी विचारलं, "तुझ्या वडिलांचंही नाव काढू?"

बाबा म्हणाले, "पडत्या काळात पक्ष सोडणाऱ्यांतला मी नाही, म्हणावं."

त्यानंतरच्या निवडणुकीत पक्षाची एकही जागा आली नाही. एका रविवारी सकाळी बाईंनी आमच्या घरी फोन केला. कचेरीची जागा सोडतोय, यादी पुसून टाक, कुणाच्या हाती लागायला नको, असं मला सांगितलं. मग म्हणाल्या, "सभासदांना मी स्वतः फोन करून सांगतेय. वडिलांना दे."

बाबा फोन घ्यायला उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत सावकाश बोलले. बाईंना आता पुढे काय करणार ते विचारलं, तब्येतीची काळजी घ्या म्हणाले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"शाळेत भूगोल शिकवणार आहेत. पूर्वी तेच करायच्या." त्यांनी शर्टाचं वरचं बटण पुन्हा काढलं. "आमच्या संघटनेची कचेरी बंद झाली तेव्हा मला कुणी कळवलं नव्हतं. मी नेहमीसारखा गेलो, कुलूप बघितलं आणि परत आलो. तुझ्या आईला आठवडाभर सांगितलं नाही."

मला हे माहीत नव्हतं.

आतून आईने विचारलं, "अहो, कुणाचा फोन होता?"

"पक्षाचा," बाबा म्हणाले.