समजनं नाही, समजलं

धुळ्यातल्या एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं सील करायची नवी मशीनं आली आणि ती चालवायला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. शिकणाऱ्या नऊ बायका, बहुतेक माझ्या आईच्या वयाच्या, इतकी वर्षं हातानं पाकिटं भरणाऱ्या. जिला जमेल ती मशीनवर, बाकीच्या मिरच्यांचे देठ खुडायला, असं मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं. देठ खुडून हातांची रात्रीपर्यंत आग होते, हे मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी मी पाकिटाच्या जाडीप्रमाणे मशीनची उष्णता कशी कमीजास्त करायची ते सांगितलं आणि विचारलं, समजलं का? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातली थोरली, जिला सगळ्या अक्का म्हणत, ती एकटीच म्हणाली, "नही समजनं, मॅडम. आखो एक डाव सांगा."

खरं तर मी तिचे पाय धरायला हवे होते. समजलं नाही असं तोंडावर सांगणारं माणूस शिकवणाऱ्याला नशिबानंच मिळतं. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला. मी हसत म्हणाले, "अक्का, समजनं नाही, समजलं. म्हणा बरं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. उष्णतेचं पुन्हा सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मी काहीही विचारलं की अक्का अगदी स्वच्छ म्हणायची, समजलं. आणि मी मूर्ख मनातून खूश व्हायचे.

खरी लाज पुढेच आहे. मी धुळ्याजवळच्याच सोनगीरची. आमच्या घरात आजही अक्काचीच बोली; बठ्ठं, म्हणजे सगळं, 'समजनं'च असतं. कॉलेजात मुली त्यावरून मला हसल्या, तेव्हापासून धुळ्यात मी ती बोली तोंडातून काढत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातली मी.

मशीनवर कोण बसणार ते ठरवायच्या परीक्षेला मालकांनी जाड पाकिटं दिली. अक्कानं उष्णतेचा आकडा बदललाच नाही. पाकिटं उघडी राहिली, तिखट टेबलभर सांडलं. दुसऱ्या दिवसापासून ती मिरच्यांवर.

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिची बोटं सुजली होती. मालकांकडे शब्द टाकून तिच्यासाठी आणखी चार दिवस मागायचं मी ठरवून आले होते. म्हणाले, "अक्का, कोठे अडस ते माले सांगा. मी आखो शिकाडस."

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"तुमले आपली बोली येस?" तिनं विचारलं. "मंग माले का बरं हसनात?"

मी हसले तर होतेच.