मामांची जीभ

वाईन करणाऱ्या घरात वाईन चाखणारं कुणी नव्हतं, असं सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे. आता हसू येत नाय.

हर्सूलच्या पुढं आमची द्राक्षाची बाग आहे आणि बागेच्या मधोमध निजामाच्या काळातल्या एका जहागीरदाराची बारा कमानींची दगडी बारादरी. पोलीस ॲक्शननंतर तो हैदराबादेला निघून गेला. जाताना सगळी जागा माझ्या आजेसासऱ्यांना विकून गेला, ते त्याच्याकडं कारकून होते. पुढं सासऱ्यांनी मोसंबी काढून द्राक्षं लावली, नवऱ्यानं वाईनचं मनावर घेतलं आणि बारादरीत टेस्टिंग रूम थाटायचं काम माझ्याकडं आलं. वेरूळ बघून परतणारे पाहुणे तिथं बसून घोट घोट घेतील, अशी कल्पना. मला तर लई हौस! पडद्याच्या कापडासाठी शहागंजचा बाजार पालथा घातला मी.

अडचण एकच होती. सासरे माळकरी, सासूबाई माळकरी, नवऱ्याच्या गळ्यातही लग्नाआधीपासून तुळशीची माळ. विकायला माळ आड येत नव्हती बरं का, ओठाला लावायला तेवढी येत होती. सासरे म्हणायचे, "आपण द्राक्षाचं पीक घेतो. रसाचं पुढं काय होतं ते देवाला ठाऊक." देवाला ठाऊक अन् आम्हाला नाय, वा रे वा!

महिन्यातनं एकदा नाशिकहून एक जाणकार यायचे. पहिल्याच हंगामात त्यांनी बजावलं, "प्रत्येक टाकीतली वाईन रोज कुणीतरी चाखलीच पाहिजे. घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, चव लिहून ठेवायची. नाहीतर माल बिघडेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही." ते गेल्यावर आम्ही चौघं ओसरीवर बसलो. सासऱ्यांनी माळेला हात लावला. नवऱ्यानं लावला. सासूबाई तर उठूनच गेल्या. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं, कारण माझ्या गळ्यात माळ नव्हती.

खरं सांगते, मला कसलीच आडकाठी नव्हती. फक्त 'सून पिते' असं गावभर झालं असतं. माझं माहेर पूजाअर्चा करणाऱ्यांचं, तिथं कळलं तर काय, हीच धास्ती. म्हणून मी पटकन बोलून गेले, "मामांना सांगू की. त्यांना सवय होती."

मामा म्हणजे आमचे जुने सालगडी. नात्यातले नव्हेत, पण सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांची बायको, मामी, आमच्याकडं धुणीभांडी करायची. मामांनी एकेकाळी हातभट्टीपायी घराचं वाटोळं केलं होतं. मग इथल्याच, शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली आणि सहा वर्षं थेंबाला शिवले नाहीत. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मामांनी हात जोडले. "वहिनी, मी भंडारा उचललाय."

"अहो मामा, ही दारू थोडीच हाय? अन् प्यायची कुठं, थुंकायची तर हाय."

त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. सासरे बागेकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामी आली. "वहिनी, पाया पडते तुमच्या. मी दुप्पट काम करते, गोठाबी काढते, पण त्यांना त्या टाक्यांच्या खोलीत धाडू नका. लई भोगलंय मी."

मी काय म्हणावं? "मामी, नवऱ्यावर एवढाबी भरवसा नाय व्हय?" माझं तोंडच फाटकं. ती भांड्यांना बसली.

मामांची जीभ मात्र अस्सल निघाली. "ही अजून कच्च्या जांभळावानी तुरट हाय." "हिचा वास फिरलाय, आजच बघा." एक अख्खी टाकी त्यांच्यामुळं वाचली. त्यांचे शब्द जरा गुळगुळीत करून मी कार्डावर छापले. पाहुणे खूश होऊन विचारायचे, "चव कोण बघतं?" मी सांगायचे, "आम्ही घरचेच." जीभ झडली नाय माझी!

थुंकायचं भांडं मामीच घासायची. एक दिवस तिनं ते आणून माझ्यापुढं धरलं. कोरडं ठक्क. मी म्हणाले, "हंगाम होऊ द्या मामी, मग बघू." मला कळलं नव्हतं असं नाय. चांगलं कळलं होतं. पण पुण्याचे पाहुणे ठरले होते.

त्या पाहुण्यांनी बारादरी भरली होती तेव्हाच मामा झोकांड्या खात आत आले. "वहिनी, तीन नंबरची टाकी लई भारी झालीय," म्हणाले आणि एका बाईंच्या टेबलावर कोसळले. ग्लास फुटले. सासरे धावत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले, "माळकऱ्याचं घर हाय हे! इथं दारुड्याला थारा नाय!" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! आणि मी? मी त्या बाईंची साडी पुसत सॉरी सॉरी करत होते. 'त्यांना मीच प्यायला लावलं' एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाय. दिवस मावळायच्या आत मामा-मामी बिऱ्हाड घेऊन गेले. मामीनं जाण्याआधी सगळी भांडी घासून पालथी घातली होती.

दुसऱ्या दिवशी टाक्या कोण चाखणार? सासरे आणि नवरा दोघंही माळा चाचपत बसले. मी उठले, तीन नंबरचा नळ सोडला, घोट तोंडात फिरवला, थुंकला. आभाळ कोसळलं नाय. जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "कशी हाय?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले आणि आमटी मागितली.

तीन वर्षांनी शहागंजात मामी दिसली, मेथी विकायला बसलेली. मला बसायला तिनं पोतं सरकवलं. मामांचं विचारलं तर म्हणाली, "हायेत. खाटेवर हायेत. पोटात पाणी झालंय, डाक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं." मग जुड्यांवर पाणी मारता मारता तिनं विचारलं, "आता टाक्या कोण चाखतं, वहिनी?"

"मीच."

तिचा हात थांबला. "लोक काय म्हणले?"

"कुणी काहीच म्हणालं नाय."

"मग तव्हाच का नाय चाखली, वहिनी?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या अब्रूपुढं मला तिच्या नवऱ्याची किंमत वाटली नव्हती. ते मी तिला सांगितलं नाय. मेथी कशी दिली, असं विचारलं.