कशाला स्कोप हाय?

परवा जिंतूरला मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले आणि व्हार्निशचा तो जळकट, गोडसर वास नाकात शिरला.

बोरी गावात मामांचं मोटारी भरायचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार बसवायचं दुकान होतं. सुट्टीभर मी तिथं तांब्याची तार गुंडाळत, तिला व्हार्निश लावत बसायची. बारावीनंतर कोणता कोर्स घ्यावा याची चौकशी करायला वडील मला परभणीला घेऊन निघाले, पण त्यांनी एसटीतच सगळ्यांना विचारून टाकलं, "पोरीसाठी कशाला स्कोप हाय?"

"डी.एड. करा. नोकरी पक्की, सोयरीक बी लवकर जमल," अख्ख्या बसनं ठरवलं.

शेजारच्या म्हातारीनं तेवढं मला विचारलं, "तुला काय आवडतंय गं, बाई?"

मी व्हार्निशनं पिवळी पडलेली बोटं ओढणीत लपवली.

"तिला काय कळतंय?" वडील म्हणाले, तेही मायेनंच.

डी.एड. झालं. मग शिक्षक भरतीची वाट बघण्यातच वय निघून गेलं.

परवा लेक सोबत होती. मिस्त्रीच्या हातातल्या तारेला हात लावत ती म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय."

मी मिस्त्रीकडं वळले. "यात स्कोप हाय का हो?"

लेकीनं हात हळूच मागं घेतला.