सोडताना दुखणारी दाढ

भाकरीचा घास चावला की काही नाही. पण चावून झालं आणि दात जरा वर उचलला, की डाव्या कानापर्यंत कळ जायची आणि लगेच गायब व्हायची. आरशात पाहिलं. सुनेनं मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं. कीड नाही, भोक नाही, सूज नाही. माझं वय साठीच्या पुढं, तरी बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. सुपारीसाठी मी कधी अडकित्ता हातात घेतला नाही, सरळ दाढेखाली धरून फोडायची. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

दुखणं सगळ्यात आधी सांगितलं ते मोठ्या जावेला. मी लग्न होऊन रिठदला आले तेव्हा मला चुलीत जाळ धड घालता येत नव्हता, तो तिनं शिकवला. पहिलं बाळंतपण तिनंच केलं. पुढं चुली वेगळ्या झाल्या, पण मधली भिंत एकच. माझ्याकडं आज काय शिजतंय ते तिला वासावरून कळतं. ती बोलली की आपण गप्प बसायचं, हे अगदी पहिल्या दिवसापासूनचं. पाहुण्यानं मला विचारलं, "बऱ्या हायेत ना धाकल्या बाई?" तरी उत्तर तीच द्यायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं, की आपल्या वतीनं बोलणारं कोणी आहे.

तर आम्ही दोघी जीपनं रिसोडला गेलो, दातांच्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड.

"काय होतंय मावशी?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "दाढ दुखून राह्यली तिची. डावीकडची."

"चावताना दुखतं?"

"चावतानी नाही. आज सकाळीच माह्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या तिनं."

आता हे खोटं नव्हतं. चावताना दुखत नव्हतंच, सोडताना दुखत होतं. मी "पण…" म्हटलं, तर तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. झालं, मी गप्प.

मग मला एक्स-रे काढायला आतल्या खोलीत नेलं. परत आले तर डॉक्टर म्हणाला, यात काही दिसत नाही, गोळ्या देतो. येताना जीपमध्ये जाऊ म्हणाली, "पाह्य, काही निघालं का? उगी भेव घेतलं तू. आता महालक्ष्म्यांचं पाह्य."

महालक्ष्म्या तिच्याकडं बसतात आणि त्यांच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा, म्हणजे करंज्या, पापड्या, वेण्या हे सगळं तळायचं काम माझं. इतकी वर्षं माझंच. त्याही वर्षी मी गालात लवंग धरून फुलोरा तळला, पुरण वाटलं, आणि उजव्या बाजूनं जेवले. जमलेल्या बायांसमोर ती म्हणाली, "माह्या धाकलीवाचून माह्या घरी महालक्ष्म्या बसतच नाहीत." मी कशी फुलले होते, काय सांगू.

सण झाला, सोयाबीनची सोंगणी झाली. दाढ आता गरम चहालाही ठणकायला लागली, आणि ठणका लवकर जाईना. जाऊ तेव्हा लेकीकडं धनजला गेली होती. तिची वाट पाहण्याइतका दम उरला नव्हता, म्हणून मी एकटीच एस.टी.त बसले.

डॉक्टरनं पुन्हा तेच विचारलं, "चावताना दुखतं?"

"चावतानी नाही जी. सोडतानी."

त्यानं हातातला आरसा खाली ठेवला. "सोडताना? हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

त्यानं एक छोटी प्लास्टिकची काडी आणली आणि दाढेच्या एकेका कोपऱ्यावर ठेवून म्हणायला लागला, "चावा. सोडा. चावा. सोडा." तिसऱ्या कोपऱ्यावर "सोडा" म्हटलं आणि मी त्याचं मनगटच धरलं. मग त्यानं दाढेला निळा रंग लावून पुसला, बाजूनं उजेड टाकला आणि मला आरसा दिला. चिनी मातीच्या कपाला जाते ना, तशी एक निळी रेघ.

"तडा गेलाय. असा तडा एक्स-रेत बहुतेक दिसत नाही. चावलं की दोन्ही भाग जरा फाकतात, सोडलं की परत एकमेकांवर येतात. तेव्हा कळ मारते."

"मंग तवाच काहून नाही लावली जी ही काडी?"

तो जरा अवघडला. "लावणारच होतो. तुम्ही एक्स-रेला आत गेलात, तेव्हा तुमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, मालक गेल्यापासून यांचं असंच चालतं, मन रमत नाही म्हणून कुठं ना कुठं दुखतं. घरी सण आहे, तोवर दाढेला हात लावू नका. मलाही काही दिसलं नव्हतं, मी ऐकलं. चुकलं माझं."

हे गेले तेव्हा याच बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले होते. दुसऱ्या कोणासमोर नाही, पोटच्या पोरासमोरही नाही. ते रडणं तिनं दवाखान्यात नेऊन सांगितलं, का तर फुलोरा तळायला मी हवी होते.

डॉक्टर पुढं म्हणाला, तेव्हाच कळलं असतं तर दाढेवर नुसती टोपी बसवून भागलं असतं. आता आतली नस काढावी लागेल. आणि उघडल्यावर तडा मुळापर्यंत गेलेला दिसला, तर दाढ काढूनच टाकावी लागेल.

जाऊ परतली त्या दिवशी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानंच विचारलं, "बाई, तुमी डॉक्टरले काय सांगतलं माह्याबद्दल?"

तिनं नाकारलंही नाही. "सांगतलं असन. मंग? खोटं होतं का? भाऊजी गेल्यापासून तुही एक दिवस पाठ दुखते, एक दिवस पोट."

"माह्या दाढेले तडा गेला होता."

"मले काय दिसत होता का तो? अन् तुले तोंड नव्हतं का? तूच काहून नाही बोलली?"

"तुमी मांडीवर हात ठेवला."

"मांडीवरच ठेवला ना व? तोंडावर त नाही ठेवला!"

आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तोंड मला होतंच. तेच जास्त जाळतं.

दाढ उघडायच्या दिवशी ती म्हणाली, "मी येतो संग." मी म्हटलं, "नको." चाळीसएक वर्षांत तिला मी दिलेला हा पहिला नकार. खुर्चीत डोळे गच्च मिटून पडले होते. डॉक्टर किती तरी वेळ आत पाहत होता, आणि मला वाटलं, गेली आपली दाढ. मग तो म्हणाला, "मुळाच्या वरच थांबलाय तडा. वाचली."

नस काढली, चार खेपा झाल्या, टोपी बसली. त्या दिवशी जाऊ वाटीभर शिरा घेऊन आली, मऊ, तूप सुटलेला. "वाचली ना? मंग झालं त." तिच्या दृष्टीनं विषय संपला. शिरा मी खाल्ला. छान झाला होता, त्यात काय खोटं बोलायचं?

गेल्या महिन्यापासून माझा उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही. सुनेला सांगितलं, डॉक्टरला दाखवलं. भिंतीपलीकडून रोज सकाळी हाक येते, "काय व, बरी हायेस का?"

मी म्हणते, "बरी हाय, बाई."